छातीला मुका मार लागला तर: अपघाताच्या जागेपासून तिसऱ्या महिन्याच्या इकोपर्यंत हृदयाची काळजी

"ओरखडासुद्धा नाही हो सिस्टर, नुसता मुका मार आहे." चार नंबर कॉटवरच्या पेशंटची बायको मला हे तिसऱ्यांदा सांगत होती आणि मी तिच्या खांद्यावरून मॉनिटरकडे बघत होते. कांद्याने भरलेली पिकअप रात्री रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकला मागून धडकली होती. पट्टा लावलेला नव्हता, छाती थेट स्टिअरिंगवर आपटली. डोक्याला काही नाही, हातपाय शाबूत, माणूस बोलत होता, पाणी मागत होता. आधी जिथे नेलं तिथे दुखण्याचं इंजेक्शन देऊन घरी जायला सांगितलं होतं. मोठा भाऊ मात्र हटून बसला, "कार्डिओग्राम काढल्याशिवाय नेणार नाही." त्या कार्डिओग्राममध्ये मधूनच वेगळ्या आकाराचे दोन-तीन ठोके दिसले, म्हणून तो आमच्याकडे आला. पहाटे पावणेतीनला त्याच जादा ठोक्यांची रांग लागली, बीपी ऐंशीवर उतरलं. डॉक्टर दोन मिनिटांत कॉटशी होते, म्हणून निभावलं. सकाळच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचा उजवा खालचा कप्पा जेमतेम हलताना दिसला. छातीवरचा निळाजांभळा अर्धगोल, स्टिअरिंगच्या कडेचा, तो उमटला दुसऱ्या दिवशी दुपारी.

आपल्याकडे 'मुका मार' हा शब्द हायसं वाटून उच्चारला जातो. रक्त नाही, टाके नाहीत, आंबेहळदीचा लेप लावू, आठ दिवसांत उतरेल. हाताला, मांडीला लागलं असेल तर हे खरंही आहे. छातीचं तसं नाही. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचे डोस इथे सांगणार नाही. पण अपघातानंतर नातेवाइकांनी कोणत्या वेळी काय करावं, काय विचारावं आणि घरी गेल्यावर कशावर नजर ठेवावी, हे रोज कॉटशी उभं राहून जे कळलं ते सगळं लिहिते आहे.

आत नेमकं काय होतं

छातीच्या मधोमध जे चपटं हाड लागतं, त्याच्या लगेच मागे हृदयाचा उजवा खालचा कप्पा असतो. पुढे हे हाड, मागे पाठीचा कणा, मध्ये हृदय. स्टिअरिंग, मोटरसायकलचं हँडल, बैलाची धडक किंवा उंचावरून पडणं, यांत हृदय या दोन्हींमध्ये चेपलं जातं. मांडीचा स्नायू जसा काळानिळा पडतो तसाच हृदयाचाही पडतो. त्यात सूज येते, रक्त साकळतं, तेवढा भाग नीट आकसत नाही. फरक एवढाच की मांडीला विश्रांती देता येते. शिवाय हृदयाचा स्नायू विजेच्या इशाऱ्यावर चालतो. दुखावलेल्या जागी तो इशारा अडखळतो आणि ठोके चुकायला लागतात. पहिल्या दिवशीचा मोठा धोका हाच.

याहून गंभीर, पण कमी वेळा दिसणाऱ्या इजाही आहेत. हृदय रक्ताने भरलेलं असताना नेमका दणका बसला तर झडप किंवा दोन कप्प्यांमधला पडदा फाटू शकतो. मग एकदम दम लागतो आणि स्टेथोस्कोपला आधी नसलेला फुरफुर आवाज येतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीचं आतलं अस्तर फाटलं तर तिथे गुठळी होते आणि धडधाकट तरुणालाही खराखुरा हार्ट अटॅक येतो. भरधाव गाडी एकदम थांबली की महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, डाव्या हाताकडे जाणाऱ्या फांदीच्या थोडं पुढे फाटू शकते. तशी फाटलेले बरेच जण रुग्णालयापर्यंत पोचतच नाहीत. जे पोचतात त्यांच्यासाठी सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) आणि बीपी काबूत ठेवणं हाच जीव वाचवण्याचा रस्ता.

हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचणं हेही त्यातलंच. ही पिशवी चिवट असते, चटकन ताणली जात नाही. रक्त झपाट्याने साचलं तर चहाच्या कपभर रक्तानेही हृदय दाबलं जातं आणि नीट भरत नाही. बीपी खाली, मानेच्या शिरा फुगलेल्या, ठोक्यांचा आवाज दबलेला, ही तिहेरी खूण क्लॉड बेक या अमेरिकन सर्जनने १९३५ मध्ये नोंदवली आणि आजही ती शिकवली जाते. पण फार रक्त गेलेलं असेल तर शिरा फुगतही नाहीत, म्हणून आता भर सोनोग्राफीवर असतो.

छातीला लागलेलंच नसताना

हा भाग नातेवाइकांना सगळ्यात अनपेक्षित वाटतो. मांडीचं हाड मोडलेला, पोटात रक्तस्राव झालेला पेशंट तीन दिवस आयसीयूत असतो आणि डॉक्टर सांगतात, "हृदयाचं पंपिंग कमी झालंय." घरचे चक्रावतात. लागलं पायाला, हृदयाचा काय संबंध?

संबंध आहे. खूप रक्त गेलं की हृदयाच्या स्नायूलाही प्राणवायू कमी पडतो, आणि त्याच वेळी त्याला दुप्पट वेगाने धावावं लागतं. मोठ्या इजेनंतर शरीरात ॲड्रिनलिनचा पूर येतो, चेंगरलेल्या पेशींमधून दाह वाढवणारे पदार्थ रक्तात उतरतात. हे सगळं हृदयाच्या पेशींना सोसवत नाही. छातीवर एकही घाव नसलेल्या अशा पेशंटच्या रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं सापडतं. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन, पेशी दुखावली की ते रक्तात येतं.

डोक्याला जबर मार लागला तर मेंदूकडून सुटलेल्या ॲड्रिनलिनच्या या लाटेने हृदय काही दिवस अक्षरशः बधिर होतं. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास ताकोत्सुबो नावाचा एक प्रकार वर्णन केला. ताकोत्सुबो म्हणजे तिथल्या कोळ्यांचं ऑक्टोपस पकडण्याचं मडकं. डाव्या कप्प्याचं टोक फुगून तो तसा दिसतो. हा प्रकार शारीरिक आघाताने होतो तसा जबर मानसिक धक्क्यानेही होतो. अपघाताची बातमी ऐकून आलेल्या आईच्या छातीत दुखायला लागलं तर "टेन्शन घेतलंय" म्हणून तिला बाकावर बसवून ठेवू नका, तिचाही ईसीजी (कार्डिओग्राम) काढा.

मानेच्या मणक्याला इजा झाली तर उलटंच घडतं. बीपी पडतं आणि नाडी वाढण्याऐवजी मंदावते.

ढिगाऱ्याखाली, ट्रॅक्टरखाली किंवा कोसळलेल्या भिंतीखाली तासन्‌तास अडकलेल्या माणसाचा धोका आणखी वेगळा. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्यातून सुखरूप काढलेली माणसं काही दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, तेव्हा बायवॉटर्स आणि बील यांनी हा आजार नीट मांडला. चेंगरलेल्या स्नायूंवरचं ओझं उठलं की आत साचलेलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं, आणि ते हृदय बंद पाडू शकतं. म्हणून शक्य असेल तिथे ओझं उचलण्याआधीच सलाईन सुरू करतात. अशा माणसाला कोऱ्या चहासारखी लघवी झाली तर ते लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि विजेचा धक्का. शेतातल्या मोटरचा शॉक, खांबावरून पडणं, तुटलेली तार. घरातल्या विजेचा किरकोळ झटका, काही त्रास नाही आणि ईसीजी स्वच्छ, तर बहुतेक वेळा चिंता नसते. पण उच्च दाबाच्या तारेचा धक्का बसला असेल, मध्ये शुद्ध हरपली असेल किंवा ठोके चुकत असतील तर मॉनिटरवर ठेवावंच लागतं.

पायरी पहिली: अपघाताच्या जागी

१०८ ला फोन करताना जागा, जखमी किती, कोणी अडकलंय का, शुद्धीवर आहे का, एवढं सांगाच, आणि त्यात "छातीला मार आहे" हे वाक्य घाला. मॉनिटर आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) असलेली गाडी मागा.

माणूस हलत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके येतायत, तर थांबू नका. छातीच्या मधोमध तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबत राहा. "बरगडी मोडेल" ही भीती त्या क्षणी बाजूला ठेवा. बरगडी जुळते.

श्वास चालू असेल तर मान शक्यतो हलवू नका. शुद्धीत आहे, दम लागलाय आणि बसून बरं वाटतंय, तर त्याला जबरदस्तीने आडवं करू नका. छातीत काही घुसलेलं असेल तर ते उपसू नका. त्या वस्तूनेच रक्त अडवलेलं असू शकतं. वाहतं रक्त कापडाने घट्ट दाबून धरा. पाणी, चहा, सरबत काही पाजू नका. तहान लागलेल्याला नाही म्हणणं जड जातं, हे मला माहीत आहे, पण तासाभरात ऑपरेशन करावं लागलं तर भरलेलं पोट घात करतं. ओठ ओले करा, तेवढं पुरे.

आता एक काम जे कोणी करत नाही. गाडीचा फोटो काढा. वाकलेलं स्टिअरिंग, तडकलेली पुढची काच, मुडपलेलं हँडल. धडक किती जोराची होती हे डॉक्टरांना त्या एका फोटोतून जेवढं कळतं तेवढं दहा वाक्यांतून कळत नाही. पिकअपवाल्याच्या बायकोच्या मोबाइलमध्ये तो फोटो होता. स्टिअरिंगचा खालचा अर्धा भाग पूर्ण आत वळला होता.

मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल म्हणून पुष्कळ लोक मागे सरतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं आहे. मदत करणाऱ्याला त्याच्या इच्छेविरुद्ध नाव-पत्ता द्यावा लागत नाही, आणि चांगल्या भावनेने केलेल्या मदतीत काही चूक झाली तरी त्याच्यावर दावा लागत नाही.

पायरी दुसरी: कॅज्युअल्टीत काय सांगायचं, काय मागायचं

आधी सांगायचं. कुठे आपटला, पट्टा होता का, एअरबॅग उघडली का. आणि हे विसरू नका: अपघाताच्या *आधी* काय झालं? "गाडी चालवता चालवता छातीवर हात ठेवला आणि मान टाकली" असं शेजारी बसलेल्याने पाहिलं असेल तर कदाचित हार्ट अटॅक आधी आला आणि अपघात नंतर झाला. उपचाराची दिशाच बदलते.

चालू औषधं सांगा, जमलं तर पाकिटंच आणा. एकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर छोटा रक्तस्रावही मोठा होतो. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल ही नाडी मंदावणारी बीपीची गोळी चालू असेल तर आत रक्त जात असूनही नाडी सत्तरवर निवांत दिसते आणि सगळे फसतात. पेसमेकर असेल तर तो मार लागून हलू शकतो. जुना ईसीजी घरात असेल तर कुणाला तरी तो आणायला पळवा. आज दिसणारा दोष नवा की जुना, हे त्याच कागदावरून ठरतं.

मग मागायचं. भांडून नाही, शांतपणे: "छातीला मार आहे, ईसीजी आणि ट्रोपोनिन कराल का?" अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जनांच्या 'ईस्ट' या संघटनेने २०१२ मध्ये दिलेला सल्ला लक्षात ठेवायला सोपा आहे. हृदयाला मुका मार लागल्याची शंका असेल त्या प्रत्येकाचा ईसीजी काढा. ईसीजी आणि ट्रोपोनिन दोन्ही नॉर्मल असतील तर हृदयाला महत्त्वाची इजा नाही असं धरता येतं. ईसीजीत नवा दोष असेल तर सतत मॉनिटरवर ठेवा. बीपी पडत असेल किंवा ठोके चुकतच राहिले तर इको करा.

यातली एक मेख सांगते. अपघातानंतर अर्ध्या तासात काढलेलं ट्रोपोनिन नॉर्मल आलं म्हणून उठून जाऊ नका, कारण ते रक्तात चढायला वेळ लागतो. चार ते सहा तासांनी पुन्हा काढतात. त्या चार-सहा तासांत पेशंटला भूक लागते, घरी जायची घाई होते, पुतण्या गाडी घेऊन दारात उभा राहतो. तेवढी कळ काढा. उलट बाजूनेही सांगायला हवं: मधलं हाड तडकलं आहे पण दोन्ही तपासण्या स्वच्छ आहेत, तर केवळ हाडासाठी आयसीयूत राहण्याचा हट्ट नको. सीपीके-एमबी नावाची जुनी तपासणी यासाठी उपयोगाची नाही, कारण नुसता स्नायूंना मार लागला तरी ती वाढते.

बीपी कमी असेल तर कॉटशीच पोट आणि छातीची सोनोग्राफी होते. तिला फास्ट किंवा ई-फास्ट म्हणतात. तीन-चार मिनिटांत हृदयाभोवती रक्त आहे का, फुप्फुसाभोवती हवा साचली आहे का, ते दिसतं. फुप्फुसाभोवती दाबाने साचलेली हवाही मानेच्या शिरा फुगवते आणि बीपी पाडते, म्हणून दोन्ही बघावं लागतं. फाटलेली झडप मात्र या झटपट सोनोग्राफीत निसटू शकते, त्यासाठी हृदयाच्या डॉक्टरांनी केलेला पूर्ण इको लागतो.

हृदयाच्या पिशवीत रक्त, नवा मोठा झडपदोष किंवा महाधमनीची इजा यांपैकी काही निघालं आणि तिथे हृदयशस्त्रक्रियेची सोय नसेल, तर विचार करत रात्र घालवू नका. "कुठे पाठवताय, तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालंय का, बेड पक्का आहे का" हे तीन प्रश्न विचारून मगच गाडी हलवा. बेड पक्का नसताना दोन-तीन दारं ठोठावत फिरलेले पेशंट मी पाहिले आहेत.

पैशांबद्दल थोडक्यात. रस्ता अपघातग्रस्तांसाठी केंद्र सरकारची रोखरहित उपचार योजना ५ मे २०२५ पासून लागू झाली आहे. ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघाताच्या तारखेपासून ७ दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार त्यात बसतो. दाखल होतानाच बिलिंगच्या खिडकीवर विचारा, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं काय, तेही त्याच वेळी विचारून घ्या. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद झाल्याची खात्री करा. पुढे विम्याच्या दाव्यात ती लागते.

पायरी तिसरी: आयसीयूतले दिवस

जिवावर बेतणारे ठोक्यांचे दोष बहुतेक पहिल्या २४ ते ४८ तासांत डोकं वर काढतात. म्हणून "बोलतोय, हसतोय, मग वॉर्डात का नाही देत" हा प्रश्न आम्हाला रोज ऐकू येतो. बोलणाऱ्या, हसणाऱ्या माणसाचेच ठोके बिघडताना मी पाहिलेत.

नातेवाइकांचं लक्ष मॉनिटरवरच्या आकड्यांवर खिळतं. नाडी ११० दिसली की काळीज हलतं. दुखणं, ताप, भीती, रक्त कमी असणं, कशानेही नाडी वाढते. एका आकड्याकडे बघू नका. "कालच्यापेक्षा आज कसं आहे" हे विचारा. इकोच्या कागदावर 'ईएफ' नावाचा टक्का असतो, म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर फेकतो. साधारण ५५ ते ७० हा नॉर्मल. १०० पैकी मार्क समजून ६० ऐकल्यावर रडायला लागलेली माणसं मी समजावली आहेत. मुक्या माराने उजवा कप्पा जास्त दुखावतो, त्यामुळे ईएफ चांगला असूनही त्रास असू शकतो. म्हणून "उजवी बाजू कशी आहे?" हेही विचारा.

सगळ्यात जास्त गोंधळ ट्रोपोनिनवरून होतो. ते वाढलं की कुणीतरी "हार्ट अटॅक आलाय" म्हणतं आणि घरात हलकल्लोळ. अपघातातल्या पेशंटमध्ये वाढलेलं ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या पेशी दुखावल्यात, एवढंच. कशाने, ते वेगळं शोधावं लागतं: थेट मार, रक्त जाणं, मेंदूची इजा, की खरोखर अडलेली धमनी. हा भेद जिवाचा आहे. हार्ट अटॅकला देतात ती रक्त पातळ करणारी औषधं फाटलेल्या प्लीहेच्या किंवा डोक्यात रक्त साकळलेल्या पेशंटला दिली तर रक्तस्राव आवरत नाही. दुसरीकडे धमनी खरंच अडली असेल तर अँजिओग्राफीला उशीर परवडत नाही. म्हणून रक्त पातळ करायची गोष्ट निघाली की न घाबरता विचारा, "बाकी कुठे रक्तस्राव नाही, याची खात्री झाली आहे का? सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर दोघांचं बोलणं झालंय का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

मार लागलेल्या हृदयावर थेट औषध नसतं. त्याला सावरायला वेळ द्यायचा आणि तोवर बाकी शरीर सांभाळायचं. सलाईन मोजून, कारण कमी झालं तर बीपी पडतं आणि जास्त झालं तर दुखावलेल्या उजव्या कप्प्यावर ताण येतो. पोटॅशियम, मॅग्नेशियम जागेवर. गरज पडली तर हृदयाला जोर देणारं औषध पंपावर. आणि दुखणं कमी करणं. ते का, तर बरगड्या मोडलेला माणूस दुखतं म्हणून उथळ श्वास घेतो, खोकत नाही, फुप्फुसात कफ साठतो, प्राणवायू कमी पडतो, आणि त्याचा भार शेवटी हृदयावरच येतो. तुमच्या हातात काही काम हवं असेल तर हे घ्या: छातीशी उशी धरायला देऊन त्याला तासातासाला दहा खोल श्वास घ्यायला लावा.

मैदानावरचा एक वेगळा प्रकार

यात हृदयाला इजा काहीच नसते आणि तरी ते थांबतं. दोन ठोक्यांच्या मध्ये सेकंदाच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढा एक नाजूक क्षण येतो. नेमका त्या क्षणी, नेमका हृदयावर, चेंडू किंवा कोपर आदळलं तर हृदय पंप करायचं सोडून नुसतं थरथरतं. याला कमोशियो कॉर्डिस म्हणतात. मुलांची छाती पातळ आणि लवचीक, म्हणून धोका शाळकरी मुलग्यांना जास्त. २ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीतल्या सामन्यात अमेरिकन फुटबॉलपटू डमार हॅमलिन टॅकलनंतर उठला, दोन पावलं चालला आणि कोसळला. मैदानावरच छाती दाबली, शॉक दिला, आणि तो पुढे पुन्हा खेळला.

आपल्या मैदानांवर सीझनचा चेंडू छातीवर बसून मुलगा कोसळला तर लोक पाणी मारतात, कांदा हुंगवतात. हाक मारा, श्वास बघा, नसेल तर त्याच सेकंदाला छाती दाबायला घ्या, दुसऱ्याला एईडी हे शॉक देणारं छोटं यंत्र आणायला पळवा, तिसऱ्याला १०८ लावायला सांगा. एईडी उघडलं की ते स्वतः बोलून पुढचं सांगतं. प्रत्येक क्रिकेट शिबिरात ते असावं, हे मी मुलाच्या कोचना दोनदा लेखी दिलं आहे आणि तिसऱ्यांदाही देईन.

पायरी चौथी: डिस्चार्ज आणि पुढचे तीन महिने

घरी निघताना औषधांच्या यादीबरोबर तीन गोष्टींच्या झेरॉक्स मागून घ्या: पहिला ईसीजी, शेवटचा ईसीजी, इकोचा पूर्ण रिपोर्ट. ईसीजीचा कागद उन्हाने आणि काळाने पुसट होतो, म्हणून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढचा इको कधी, ते कार्डावर तारखेनिशी लिहून घ्या. "त्रास झाला तर या" एवढ्यावर उठू नका.

बहुतेकांचं मार लागलेलं हृदय काही आठवड्यांत ते काही महिन्यांत पूर्ववत होतं. तोवर घरातल्या घरात चालणं, हळूहळू अंतर वाढवणं चांगलं. वजन उचलणं, पोती, भरलेल्या कळशा, खोऱ्या-फावड्याचं काम, जिम, पोहणं, हे डॉक्टर मोकळीक देतील तेव्हाच. जड गाड्या चालवणाऱ्यांनी तर ठोक्यांचा दोष पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत स्टिअरिंग हातात घेऊ नये. चक्कर एकट्या ड्रायव्हरला येते, पण मागे पन्नास माणसं बसलेली असतात. तंबाखू आणि दारू अजिबात नको. बरगड्यांच्या दुखण्यावर मेडिकलमधून मनाने गोळ्या आणू नका, विशेषतः किडनीला मार बसलेला असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर.

आणि लेप? आंबेहळद लावा, सासूबाईंचं मन राहतं आणि त्वचा सोसत असेल तर अपाय नाही. फक्त छाती रगडू नका.

काही गोष्टी उशिरा येतात. दोन-तीन आठवड्यांनी बारीक ताप आणि छातीत दुखणं, जे आडवं झाल्यावर वाढतं आणि पुढे वाकून बसल्यावर कमी होतं, तर हृदयाच्या पिशवीला सूज आलेली असू शकते. औषधाने ती बरी होते, पण दाखवायला हवं. पायावर संध्याकाळी सूज, पोट भरल्यासारखं वाटणं, जिन्यावर पूर्वी न लागणारा दम, ही उजव्या बाजूच्या झडपेची कुरकुर असू शकते, आणि ती महिन्यांनीच काय, वर्षांनीही कळते. म्हणून पुढे कधीही, कुठल्याही डॉक्टरांकडे दम लागतो म्हणून गेलात तर "मला अमुक साली छातीला मोठा मार लागला होता" हे सांगा. बहुतेक जण विसरतात. पायाचं मोठं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्याची एका पोटरीला सूज आणि एकाएकी दम, ही मात्र वाट पाहायची गोष्ट नाही. पायातली गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते, तशीच गाडी काढा. शुद्ध हरपणं, धडधड थांबत नसणं, छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटणं, यांनाही हाच नियम, रात्रीचे किती वाजलेत ते बघू नका.

अपघातानंतर झोप लागत नाही, ब्रेकचा आवाज आला की काळीज धडधडतं, हेही पुष्कळांना होतं. त्या वेळी नाडी मोजा, वेळ लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत सांगा. ठोक्यांचा दोष आहे की मनाचा धक्का, हे डॉक्टर होल्टर (अंगावर लावायचं, ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र) लावून चोवीस तासांत बघू शकतात, आणि मनाचा असला तरी त्यावर उपचार आहेत.

पिकअपवाला आठव्या दिवशी घरी गेला. सहाव्या आठवड्यातल्या इकोत उजवा कप्पा निम्मा सावरला होता, तिसऱ्या महिन्यातल्या इकोत दोन्ही बाजू सारख्या हलत होत्या. त्या दिवशी तो वर आयसीयूच्या दारापर्यंत आला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद तारखेवार लावलेले. पन्नास किलोची गोणी कधीपासून उचलू, असं त्याने डॉक्टरांना विचारलं होतं. आणखी महिनाभर गोण्या भावाने उचलायच्या, याने फक्त गाडी चालवायची, पट्टा लावून, असं ठरलं होतं. भाऊ खाली पार्किंगमध्ये थांबला होता. नवा पट्टा बसवून घेतल्याचं त्याने मला खिडकीतूनच ओढून दाखवलं.